नवव्या टाकीचं झाकण

१

दुपारी तीनचा चहा झाला की आमची गाडी घाट उतरते.

गाडी खरी नव्हे. खऱ्या गाड्या आमच्या घरामागून, करवंदीच्या जाळ्यांपलीकडून दिवसभर खडखडत जात असतात आणि त्यांच्याकडे आमचं कुत्रंही मान वर करून बघत नाही. ही गाडी माझ्या कॉम्प्युटरमधली. तेलाच्या चौदा जुन्या टाक्या, प्रत्येक टाकी चार चाकांची, काळी, रिव्हेटांच्या रांगा मिरवणारी. पुढे इंजिन आणि शेपटाला गार्डाचा डबा. असल्या टाक्या रुळांवरून जाऊन जमाना झाला. पण जगात अशी माणसं आहेत, ज्यांना घरी खुर्चीत बसून पन्नास वर्षांपूर्वीची मालगाडी चालवायची असते आणि टाकीच्या शिडीला पायऱ्या सहा होत्या की सात यावरून जी एकमेकांशी बोलणं टाकतात. त्यांच्यासाठी मी हे डबे बनवते. मी त्यांना हसत नाही. त्यांच्यामुळेच मला मुरबाडच्या कारखान्यातली ड्रॉइंगची नोकरी सोडून इथे कसाऱ्याला, बाबांजवळ राहता आलं.

माझे बाबा, बुधू, रेल्वेत सांधेवाले होते, रूळ बदलून गाडीला वाट देणारे. सगळी नोकरी घाटातल्या एकाच केबिनीत काढली. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड एकीकडे ओघळलं आणि बोलण्यातले तीनच शब्द उरले. ‘हं’, ‘नाय’ आणि ‘सोड’. पहिल्या दोन शब्दांत माणसाचं बरंचसं काम भागतं, हे मला तेव्हा कळलं. तिसरा शब्द ते फक्त गाडीसाठी वापरतात.

त्याचं असं आहे. घाट उतरणारी गाडी मध्यावर एका ठिकाणी थांबवावीच लागते. तिथला सांधा नेहमी आडवाटेला लावलेला असतो आणि ती आडवाट चढावर जाऊन वाळूत संपते. ब्रेक न धरणारी गाडी तिकडे जाऊन रुतावी, खाली गावात घुसू नये, म्हणून ही सोय. गाडी नीट थांबली, तिने शिट्टी दिली, की सांधेवाला सरळ वाट देतो आणि गाडी सोडतो. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. आता मी पडद्यावर गाडी थांबवते, बाबा मागे खुर्चीत बसून उजवा हात वर करतात, ‘सोड’ म्हणतात आणि मी बटण दाबते. मग आम्ही दोघंही जरा बऱ्या मनाने संध्याकाळच्या कामाला लागतो.

म्हणजे मी लागते. ते बघत बसतात.

२

आमच्या घरात उघडं झाकण कोणी ठेवत नाही. पिठाचा डबा, मीठ, पाण्याचं पिंप, काहीही. लहानपणी झाकण उघडं राहिलं की बाबा ओरडायचे नाहीत, गोष्ट सांगायचे. गोष्ट एकच.

मी चार वर्षांची असताना मला ताप भरला. बाबांनी मला खांद्यावर टाकून शहापूरला डॉक्टरकडे नेलं. त्या दिवशी त्यांना बाराला केबिनीत बदली द्यायची होती. म्हणजे आधीच्या माणसाला मोकळं करून आपण बसायचं होतं. बदली आल्याशिवाय पहिल्याने जागा सोडायची नाही, हा तिथला नेम. बाबा पोचले तीनला. केबिनीत कोणीच नव्हतं. आधीचा माणूस, गोमा, आमच्याच पाड्यावरचा, बाबांचा जिवाचा दोस्त, ड्युटी टाकून निघून गेलेला. समोर रिकाम्या टाक्यांची गाडी उभी राहून शिट्ट्यांवर शिट्ट्या मारत होती. ‘आन येका टाकीचं झाकान उघडं व्हतं,’ बाबा इथे बोट वर करायचे. ‘येवढ्या घाईत पन मी वर चढलो, झाकान लावलं, मंग सांधा दिला. काम म्हंजे काम.’

गोमा परत आला नाही. कागदावर तो ड्युटी सोडून पळालेला ठरला. गोष्टीचा तो भाग बाबा भरभर सांगून टाकायचे, कारण आमच्यासाठी सार झाकणाचं होतं. ती गोष्ट आम्हीच काय, सगळ्या पाड्याने शंभरदा ऐकली असेल. कोणालाही तिच्यात दुसरं काही दिसलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवाचा सोमवार. गाडी थांबली तेव्हा केबिनीसमोरच्या टाकीचं झाकण उघडं होतं.

झाकणं उघडतात, ती सोय मीच केलेली आहे. शौकीन लोकांना असली करामत आवडते. टाकीवर नेम धरून एक बटण दाबलं की माथ्यावरचं गोल झाकण बिजागरीवर उलटतं, पुन्हा दाबलं की बसतं. पण सुरुवातीला सगळी बंद असतात. मी मोजलं. इंजिनापासून नववी टाकी. चुकून बटण दाबलं गेलं असेल, असं म्हणून मी ते लावून टाकलं. हात आपोआपच गेला. आमच्या घरातला हात.

मागून बाबा म्हणाले, "सोड."

गाडीने अजून शिट्टीसुद्धा दिली नव्हती. एवढी घाई त्यांनी आधी कधी केली नव्हती.

३

मंगळवारी पुन्हा नववीचं झाकण उघडं. मी वैतागले. आपण केलेल्या कामात चूक निघणं म्हणजे भरल्या पंगतीत आपल्याच भातात खडा लागण्यासारखं असतं. फाइल उघडून तपासली. चौदाही टाक्या एकाच साच्याच्या, अक्षराचा फरक नाही. मग नववीच का?

झाकण लावलं. गाडी उभीच ठेवून मी दुसरं काही शोधत होते, तेव्हा आवाज आला.

टण, टण, टण. थोडं थांबून, टण, टण.

पहिल्यांदा वाटलं, बाहेर कोणीतरी काही ठोकतंय. लग्नसराईचे दिवस, पाड्यावर मांडव पडत होते. मी दारात जाऊन आले. ऊन नुसतं भाजत होतं आणि चिटपाखरू नव्हतं. आत येऊन खुर्चीत बसले तोच पुन्हा. तीन आणि दोन.

आवाज स्पीकरमधून येत होता.

माझ्या गाडीत एकूण अकरा आवाज आहेत. चाकं, ब्रेक, साखळ्यांची ओढ, इंजिनाची धाप, शिट्टी, असे. ते मी एकेक करून बंद केले. शेवटी गाडी मुकी झाली, वाराही बंद केला. आणि त्या मुकेपणात तो आवाज आणखी स्वच्छ ऐकू आला. पत्र्याने लोखंडावर मारल्यासारखा. मी कॅमेरा, म्हणजे पडद्यावर बघायची जागा, इंजिनाजवळ नेला, आवाज लहान झाला. टाक्यांच्या कडेने सरकवत आणला, तसा मोठा होत गेला. सातवी, आठवी, नववी. दहाव्या टाकीशी पुन्हा कमी.

"सोड," बाबा म्हणाले. मग पुन्हा, "सोड. सोड."

मी वळून बघितलं. त्यांचा उजवा हात वर होता. त्यांना पुन्हा चहा हवा असेल, ऊन बाधलं असेल, असं मी मनात म्हटलं. आपण स्वतःला समजवायला लागलो की किती कारणं सापडतात. मी गाडी सोडली. चाकं फिरली, आवाज बंद झाला आणि बाबांनी हात खाली घेतला.

४

त्याच दिवशी, मी भांडी घासत असताना, बाईजाकाकी आली.

बाईजाकाकी म्हणजे गोमाची बायको. साठी उलटली आहे, हातात अजून हिरव्या बांगड्या आहेत. तेहतीस वर्षांत तिला लोकांनी काय काय ऐकवलं. नाशिककडे त्याने बाई ठेवली, कोणी त्याला मनमाडला हमाली करताना पाहिलं, कोणी आणखी कुठे. ती ऐकून घेते आणि विळा घेऊन कामाला जाते. आमच्याकडे येताना कधी रिकाम्या हाताने येत नाही. त्या दिवशी पळसाच्या पानात करवंदं आणली होती.

"दीपेशची हळद हाय सुक्रवारी," ती बाबांसमोर जमिनीवर बसली. दीपेश तिचा नातू. "आमच्यात घरच्या मेलेल्यांना पयला निवद असतो, भाऊ, तुमाला म्हाईतच हाय. येकेकाचं नाव घेऊन दाखवायचा. सासऱ्याचं घेनार, सासूचं घेनार. ह्यांचं कुठं घेऊ?"

बाबा करवंदांकडे बघत राहिले.

"मेलेल्यांत घेतलं आन ते जिते असतील तर? जित्यांत ठेवलं आन..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुमी सांधा घ्यायला गेलात तवा कायतरी दिसलंच असंल ना? कुठल्या वाटनं गेले, कायतरी. मला टाकून गेले का मेले, येवढंच सांगा. दोनीतलं काय बी असू द्या. मी रडनार नाय."

"नाय," बाबा म्हणाले.

"त्या दिवशी डबा घेऊन गेलते घरातला. पत्र्याचा. म्हनले, टाक्यांची गाडी हाय आज, घासलेट आनतो." ती माझ्याकडे वळली. "तवा रेशनवर मिळायचं कुठं गो? रिकाम्या टाकीत बी तळाला राहायचं थोडं. गाडी हुबी राहिली का हे वर चढून डबा आत सोडायचे, सुतळी बांधून. समद्या पाड्याला म्हाईत व्हतं. पळून जानारा मानूस घरातला डबा कशाला नेईल, सांग ना?"

माझ्या हातातलं ताट घसरून मोरीत पडलं.

"नाय," बाबा पुन्हा म्हणाले. ह्या वेळी जरा मोठ्याने.

"गुरवारी येते परत," काकी उठली. "सुक्रवारी सकाळी भगत नावं घ्याया बसंल. तवर आठवलं तर बघा, भाऊ."

ती गेल्यावर मी करवंदं झाकून ठेवली.

५

बुधवारी मी गाडी चालवली नाही. कामं काढली. पांघरुणं धुतली, अंगण सारवलं, जुने डबे घासले. डोकं मात्र एकाच जागी फिरत होतं. सुतळी तुटली तर माणूस काय करेल? डबा घरातला, बायको विचारेल, म्हणून खाली उतरेल. रिकामी टाकी खरी रिकामी नसते. तेलाची वाफ असते आत. माणूस उतरतो आणि त्याला भोवळ येते. वर गोल उजेड दिसत असेल, पण हात उचलत नसेल. मग कोणीतरी येतं. शिट्ट्यांवर शिट्ट्या चालल्या आहेत. तो घाईत आहे, तीन तास उशिरा आला आहे. आणि त्याला उघडं झाकण दिसतं.

टाक्या वरून भरतात. भरताना आत कोण बघतं?

मला बाबांचा राग यावा की कीव, तेच कळेना. त्यांना माहीत नव्हतं. न बघता लावलं असेल. मी तरी सोमवारी कुठे बघितलं होतं? आणि ते उशिरा पोचले ते माझ्या तापामुळे. मी बरी झाले. हे सगळं मी बादलीशी बोलत होते.

तीन वाजता बाबांनी खुर्चीचा हात वाजवला. गाडी हवी होती.

"आज नाही, बाबा. लाइट जाणार आहे म्हणे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बंद पडद्याकडे. घरात चूल, मांजर आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढेच आवाज होते. बाबा कान देऊन बसले होते. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते ‘नाय’ म्हणाले असते.

६

गुरुवारी सकाळी मला स्वतःचीच लाज वाटली. शिकलेली बाई मी. काकीने घासलेटाची गोष्ट सांगायच्या आधीच मला आवाज ऐकू आला होता, हे खरं. पण लहानपणी हे सगळं कानावरून गेलं असेल आणि मनात कुठेतरी पडून राहिलं असेल. खाई त्याला खवखवे म्हणतात. आमच्या घरात खवखव पिढीजात आली असेल, असं म्हणून मी मनाशीच हसलेसुद्धा. कॉम्प्युटरचा रोग कॉम्प्युटरमध्येच शोधावा, असं ठरवून मी दुपारी तीनला गाडी घाटात आणून उभी केली. बाबा मागे होतेच.

नववीचं झाकण उघडं होतं. मी हात मांडीखाली दाबून ठेवला. लावलं नाही.

आवाज नाही. पाच मिनिटं गेली. पडद्यावरचं ऊन तसंच, केबीन तशीच. मग मी झाकण लावलं. लगेच, आतून, तीन आणि दोन.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. टाकी बनवताना मी फक्त बाहेरचा पत्रा बनवते. आतली बाजू बनवतच नाही. कोणी बघणार नसतं, मग कशाला मेहनत? त्यामुळे कॅमेरा आत घातला तर अंधार दिसत नाही. टाकीच दिसेनाशी होते. भिंती नाहीशा होऊन थेट बाहेरचे डोंगर, रूळ, आभाळ दिसतं. आम्हा काम करणाऱ्यांना त्याची इतकी सवय असते की आत शिरून चटकन बाहेर बघून घेतो. मीही हजारदा बघितलं आहे.

मी कॅमेरा नवव्या टाकीच्या पोटात घातला.

अंधार होता.

डोंगर नव्हते, आभाळ नव्हतं. पडदा काळा पडला असं वाटलं, पण कॅमेरा हलवला की त्या काळ्यात काहीतरी सरकत होतं. गंजाचे पोपडे. रिव्हेटांच्या मागच्या बाजू, ओबडधोबड, हाताने ठोकलेल्या. त्या मी बनवल्या नव्हत्या. मला त्या कशा दिसतात हे माहीतही नव्हतं. खाली बघायचं मी टाळलं. ठोकण्याचा आवाज आता खालून, अगदी जवळून येत होता आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक आवाज होता, ओढून घेतलेल्या श्वासाचा. तो माझा असेल.

"सोड," बाबा म्हणाले.

मी त्यांचं ऐकलं नाही. कॅमेरा वर वळवला आणि झाकणाचं बटण दाबलं.

वर गोल उजेड पडला. पांढरा, डोळ्यांत घुसणारा. आवाज थांबला. आणि त्या गोलात कडेने एक डोकं आलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळलेला होता. गाठ डाव्या कानावर. अशी गाठ सगळ्या पाड्यात एकच माणूस बांधायचा. काळी भरघोस मिशी. चेहरा उजेडाच्या आड असल्यामुळे नीट दिसत नव्हता, पण तो आत बघत होता हे दिसत होतं. घाईघाईत नव्हे. वाकून, कडेवर हात टेकून, खाली, जिथे मी बघितलं नव्हतं तिथे, तो बघत होता. त्याने काहीतरी ओळखलं. तोंड उघडलं, जसं हाक मारायच्या आधी उघडतं. दूरवर शिट्टी झाली. त्याने मागे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

मग त्याने झाकण लावलं. मी बटणाला हात लावला नव्हता.

त्या काळ्या पडद्यात मागची खुर्ची दिसत होती आणि खुर्चीतले बाबा. काळ्या काचेत मागचं दिसतं. खिडकीचा उजेड गोल दिसू शकतो. टॉवेल तर आजही त्यांच्या डोक्याला होता, मीच सकाळी बांधून दिला होता. एवढं सगळं मी एका दमात स्वतःला सांगितलं, आणि त्यातलं बरंच खरं होतं. पण बाबांचं तोंड आता डावीकडे ओघळलेलं आहे, मिशी पांढरी आहे. गोलातलं तोंड दोन्हीकडे सारखं होतं.

मी वळले.

"बाबा, तुम्ही आत बघितलं होतं?"

"नाय."

"बाबा, तो जिवंत होता?"

त्यांचा उजवा डोळा माझ्यावर होता. डाव्यातून नुसतंच पाणी येत होतं, ते रोजच येतं.

"नाय," ते म्हणाले. "नाय. नाय. नाय."

पाठीमागे, बंद टाकीत, पुन्हा सुरू झालं. तीन आणि दोन.

७

"हर्षाली, आत हायेस का गो?"

बाईजाकाकी दारात होती. हातात हळदीची पुडी, कपाळाला घाम. मी उठून पडद्यासमोर उभी राहिले आणि मागे हात नेऊन स्पीकरचा आवाज शून्यावर आणला.

ठोकणं चालूच राहिलं. तेवढ्याच आवाजात. पत्र्याचं, हळू, न चुकता.

"कोन डबा ठोकतंय?" काकीने मान वाकडी केली.

"कोणी नाही काकी. कॉम्प्युटरचं आहे."

तिने ते ऐकून घेतलं, पण तिची मान तशीच राहिली. ती दोन पावलं आत आली. तिच्या तोंडावर एक चमत्कारिक भाव होता, ओळखीचं माणूस गर्दीत लांबून दिसावं आणि नाव आठवू नये, तसा. मग तिने मान झटकली आणि बाबांसमोर बसली.

"भाऊ, आठवलं काय?"

बाबा माझ्याकडे बघत होते. काकीकडे नाही. तीन वर्षं मी त्यांना भरवते, पुसते, कूस बदलून देते, पण त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. ह्याच माणसाने तापलेल्या मला खांद्यावर टाकून नेलं होतं. ती पोर वाचली आणि त्यापायी ते तीन तास उशिरा पोचले. मला ते दोन्ही दिसत होते, खांदा आणि तो गोलातला चेहरा. मला एकाच वेळी त्यांच्या पायाशी बसावंसं वाटत होतं आणि घरातून पळून जावंसं वाटत होतं.

सांगायचं तर आत्ता. तो तुला टाकून गेला नाही, काकी. डबा आणायला खाली उतरला होता. एवढंच. तेहतीस वर्षं ती एवढ्यासाठीच येत होती. पण ह्या एका वाक्यामागून दुसरं येणार होतं. झाकण कोणी लावलं? आणि ते तर सगळ्या पाड्याला पाठ होतं.

टण, टण, टण. टण, टण.

"ते नाही म्हणतात, काकी," मी म्हटलं. "त्यांना काही दिसलं नव्हतं."

"मंग नाव कुठं घेऊ?" तिने मलाच विचारलं. मी शिकलेली होते ना. "तूच सांग आता. भगत शिकलेल्या मानसाचं ऐकंल, माझं नाय ऐकनार. तू सांगशील तसं करते."

मी तिच्या बांगड्यांकडे बघितलं.

टण, टण, टण.

"जित्यांत घ्या," मी म्हटलं.

पुढचे दोन ठोके आले नाहीत.

मी वाट बघितली. बाबाही बघत होते, त्यांची मान पडद्याकडे वळली होती. घड्याळ चाललं होतं. मांजर उठून बाहेर गेलं. पण तीननंतरचे ते दोन आलेच नाहीत. ज्याला ऐकू येत असतं, तो मध्येच थांबतो, तसं ते थांबलं.

"जित्यांत," काकी म्हणाली. तिने हळदीची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हंजे टाकूनच गेले मला."

ती रडली नाही. तिने तसं सांगितलंच होतं. गुडघ्यावर हात टेकून उठली, बाबांच्या पायांवरची चादर सरळ केली, मला म्हणाली, "उद्या हळदीला ये गो, भाऊंना कोनाला तरी सोबत ठेव," आणि उन्हात निघून गेली. करवंदीच्या जाळ्यांपर्यंत मला तिची पाठ दिसत होती.

मी परत येऊन बसले. गाडी घाटात उभीच होती. सगळे आवाज मी मघाशीच बंद केलेले, त्यामुळे ती अगदी गप्प होती.

"सोड," बाबा मागून म्हणाले. हळू. जवळजवळ लाडाने.

मी सांधा दिला, शिट्टीचं बटण दाबलं आणि गाडी सोडली. चौदा टाक्या एकेक करून केबिनीसमोरून जाऊ लागल्या. नवव्या टाकीचं झाकण नीट बसलेलं होतं. ती वळणाआड जाईपर्यंत मी ते दोनदा बघून घेतलं.